निकालाआधीचा हिशेब

खेड्यातल्या हायस्कूलचा निकाल घसरला की बोट आधी मुलांकडे जातं, मग शिक्षकांकडे. शाळेला पैसा कोण देतं आणि कोण नाकारतं, हे विचारलं जातं सगळ्यात शेवटी. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. तंबाखूची शेती, आणि फार्मव्हिल हे मुख्य गाव. तिथल्या सरकारी हायस्कूलचा इतिहास वाचला की हा क्रम उलटा करावासा वाटतो.

काउंटीने १९३९ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल बांधलं. जागा १८० मुलांची. १९५१ पर्यंत पटावर साडेचारशेहून अधिक. जिमखाना नाही, जेवणघर नाही, प्रयोगशाळा नाही. नवी इमारत देण्याऐवजी काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. त्या पावसात गळायच्या. थंडीत शेगडीजवळची मुलं भाजून निघायची, मागची कोट घालून बसायची. अशा शाळेचे गुण गोऱ्या मुलांच्या शाळेशेजारी ठेवून तुलना करणं हाच अन्याय होता.

२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स हिने खोट्या निरोपाने मुख्याध्यापकांना बाहेर पाठवलं, सगळ्या मुलांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. मागणी चांगल्या इमारतीची होती. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी मात्र सांगितलं, लढायचं तर वेगळ्या शाळा ठेवण्याविरुद्धच लढू. पालक तयार झाले आणि खटला उभा राहिला. तो पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या ब्राउन खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये सरकारी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. दरम्यान, १९५३ मध्ये काउंटीने मोटनला नवी इमारत दिली होती.

१९५९ मध्ये मुलांना एकत्र बसवायची वेळ आली, तेव्हा काउंटीच्या कारभारी मंडळाने शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी उघडली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं उघड्यावर पडली. कुणी नातेवाइकांकडे परगावी गेलं, वरच्या वर्गातली काही नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजात गेली, काही चर्चच्या तळघरांत शिकली. कित्येकांना काहीच मिळालं नाही. १९५९ मध्ये सात वर्षांचं असलेलं मूल १९६४ मध्ये सरकारी शाळा पुन्हा उघडेपर्यंत बारा वर्षांचं झालं होतं, आणि अक्षर गिरवायचं वय कधीच मागे पडलं होतं.

१९६३ मध्ये देणग्यांवर ‘फ्री स्कूल’ सुरू झाल्या. त्यांचे प्रमुख नील सलिव्हन यांनी तिथे इयत्ता बाजूला ठेवल्या. ज्याला जेवढं येतं तिथून त्याला शिकवायचं. मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळा उघडायला लावल्या. तेव्हाही कारभाऱ्यांनी सरकारी शाळांना १,८९,००० डॉलर दिले आणि खासगी शिक्षणाच्या अनुदानाला ३,७५,०००.

आज त्याच मोटनचा वारसा घेऊन प्रिन्स एडवर्ड काउंटी हायस्कूल उभं आहे आणि राज्याच्या परीक्षांनी इतर शाळांसारखंच मोजलं जातं. त्या आकड्यांत मुलाच्या आजीची चुकलेली पाच वर्षं कुठेच दिसत नाहीत. घरी अभ्यास घ्यायला बसणारं माणूसच त्या वर्षांनी हिरावलं होतं. २००३ मध्ये काउंटीने त्या पिढीला मानद शालांत पदविका दिल्या. २००४ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली, आणि साठीकडे झुकलेली माणसं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा वर्गात जाऊन बसली.