नील स्ट्रीटवरील तळघर

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात तीनशे वर्षांहून अधिक काळ भरत आलेला फळफळावळीचा व भाजीपाल्याचा घाऊक बाजार नोव्हेंबर १९७४ मध्ये टेम्स नदीपलीकडे नाइन एल्म्स येथे हलविण्यात आला, आणि आसपासच्या गल्ल्यांतील वखारी ओस पडल्या. त्या रिकाम्या इमल्यांचे पुढे काय करावे हे सरकारदरबारी ठरेपर्यंत मध्ये जी काही वर्षे गेली, त्यांतच ‘द रॉक्सी’ या पंक संगीताच्या क्लबचा जन्म झाला.

१ डिसेंबर १९७६ रोजी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत सेक्स पिस्टल्स या पंक संचाच्या तोंडून अपशब्द निघाले, वृत्तपत्रांनी गहजब केला आणि गावोगावच्या नगरपालिकांनी त्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमांना मनाई केली. पंक संगीताला अशी दारे बंद होत असतानाच अँडी चेझोव्स्की, सुझन कॅरिंग्टन आणि बॅरी जोन्स या तिघांनी ‘द रॉक्सी’साठी कॉव्हेंट गार्डनमधील ४१-४३, नील स्ट्रीट येथील एका जुन्या क्लबची जागा हाती घेतली. त्याच महिन्यात तेथे वादन सुरू झाले, आणि १ जानेवारी १९७७ रोजी द क्लॅश या संचाने रीतसर उद्घाटन केले. वर मद्यपानाची खोली आणि खाली तळघरात लहानसे व्यासपीठ, एवढाच काय तो सरंजाम होता.

चेझोव्स्की पूर्वी किंग्ज रोडवरील एका कपड्यांच्या दुकानाचे हिशेब पाहत. त्याच दुकानात काम करणारा डॉन लेट्स, जो जमैकन मातापित्यांच्या पोटी लंडनमध्ये जन्मला होता, त्याला त्यांनी तबकड्या लावण्यास बसविले. पंकच्या तबकड्या तोवर बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या असल्याने दोन वादनांमधला अवकाश लेट्स आपल्या संग्रहातील रेगे व डब या जमैकन संगीतप्रकारांनी भरून काढी. नॅशनल फ्रंटसारखा पक्ष वर्णद्वेषाचा प्रचार करीत भर रस्त्यावरून मोर्चे काढीत होता त्या दिवसांत, बहुतांशी गोऱ्या तरुणांचा तो जमाव जमैकेचे संगीत आपलेसे करीत होता, ही मला या क्लबची सर्वांत मोठी कमाई वाटते. तेथील वादन लेट्सने ८ मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यावर टिपले, आणि त्यातून १९७८ मध्ये ‘द पंक रॉक मूव्ही’ हा चित्रपट सिद्ध झाला.

जागेच्या ताब्यावरून झालेल्या तंट्यात एप्रिल १९७७ मध्येच चेझोव्स्की बेदखल झाले. पुढे इतरांच्या कारभारात क्लब वर्षभर रखडला आणि एप्रिल १९७८ मध्ये बंद पडला. त्या दुसऱ्या पर्वाविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही.

पहिल्या पर्वाच्या अखेरीस मात्र संगीतनिर्माते माइक थॉर्न यांनी तेथे ध्वनिमुद्रण केले, आणि व्यासपीठावरच्या ध्वनिग्राहकांइतकेच महत्त्व त्यांनी स्वच्छतागृहात लपविलेल्या ध्वनिग्राहकांना दिले. म्हणूनच त्या ध्वनिमुद्रणातून निघालेल्या तबकडीत दोन गाण्यांमध्ये मुलामुलींचा वाद, हसणे आणि गप्पा आजही स्वच्छ ऐकू येतात. त्याच तबकडीत पॉली स्टायरीन या युवतीचा एक्स-रे स्पेक्स हा संच कानांत शिरणाऱ्या सॅक्सोफोनसह गर्जतो; ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्याने सार्वजनिक वादनाला नुकतीच सुरुवात केली होती. वायर हा तितकाच नवखा संचही तीत आहे. त्याची पारख थॉर्न यांना त्याच तळघरात झाली, आणि त्यांच्याच निर्मितीत १९७७ च्या अखेरीस वायरची पहिली दीर्घ तबकडी ‘पिंक फ्लॅग’ बाजारात आली.