लाल अकीक : पारख आणि मोल

चांदीच्या अंगठीत आणि तस्बीहच्या मण्यांत दिसणारा लाल अकीक आमच्या बहुतेक वाचकांच्या ओळखीचा आहे. मात्र तो बनतो कसा आणि घेताना काय पाहावे, हे दुकानदार क्वचितच सांगतात. म्हणून ही माहिती देत आहोत.

अकीक हा गारगोटीच्या जातीचा दगड. लाव्हा थिजताना त्यात वायूमुळे पोकळ्या राहतात. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्यांत झिरपते, थरावर थर साचतो आणि गोटा तयार होतो. महाराष्ट्राचा काळा पाषाण अशाच लाव्ह्याचा आहे. असे गोटे गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरजवळ खाणींतून निघतात आणि खंबायतला घडवले जातात.

दगडाचा लाल रंग लोहाचा असतो. कच्चा गोटा बहुधा पिवळट किंवा करडा असतो. तो उन्हात वाळवून मडक्यात मंद आचेवर भाजला की लाली चढते. ही लबाडी नव्हे. सुमारे 4000 वर्षांपूर्वी लोथलचे कारागीरही दगड भाजत होते आणि सिंधू खोऱ्यातील अकीकाचे मणी इराकमधील ऊरच्या राजथडग्यांत सापडले आहेत.

मोहसच्या मापावर अकीकाचे काठिण्य 6.5 ते 7 भरते. त्यामुळे झिलई टिकते. गरम लाख त्याला चिकटत नाही, म्हणून मोहरा कोरण्यासाठी तो पूर्वापार वापरला गेला.

बाजारात काच आणि रंगवलेला दगड अकीक म्हणून विकला जातो. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर काच समजावी. अकीकाने काचेवर ओरखडा उठतो. पण रंगवलेल्या दगडानेही तो उठतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. रंग भेगांत गडद साचला असेल तर संशय घ्यावा.

मोलाची आणखी एक बाजू आहे. खडा घासताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. खंबायतच्या अनेक घरांनी तो भोगला आहे. पाणी सोडून घासणे आणि धूळ खेचणारी यंत्रे बसवणे हे उपाय आहेत, पण त्यांना खर्च येतो. भाव पाडून माल उचलणारा व्यापारी तो खर्च कारागिराच्या छातीवर टाकतो. घाऊक खरेदी करणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांनी माल कोठे आणि कसा घासला जातो, हे भावाआधी विचारावे.