खाऱ्या पाण्याचे घरगुती मत्स्यालय : गाळणीची निवड व पाण्याची प्रत

पुणे शहरात गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या टाक्या अनेक घरांत दिसतात. काही हौशी पालक आता क्लाउन, डॅमसेल यांसारख्या समुद्री माशांकडेही वळले आहेत. हे मासे महाग असतात आणि नव्या टाकीत ते दगावण्याचा धोका सर्वाधिक असतो. पुष्कळदा त्याचे कारण रोग नसून न मुरलेली गाळणी हे असते.

गाळणी काय करते?

ठिबक संचातील वाळूची व जाळीची गाळणी पाण्यातील कचरा अडवते. मत्स्यालयात तेवढ्याने भागत नाही. माशांच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया पाण्यात मिसळतो. तो विरघळलेला असल्याने जाळीत अडकत नाही. आपण शेतात अमोनियम सल्फेट टाकतो, तेव्हा जमिनीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. तसेच जिवाणू गाळणीतील सच्छिद्र माध्यमावर वाढतात आणि अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. पहिले दोन घटक माशांना घातक असतात, नायट्रेट त्या मानाने सौम्य असते.

पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला, की अमोनियाचा विषारी भाग सुमारे १० पट होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्याने येथे अधिक काळजी घ्यावी लागते.

गाळणीची निवड

१) यांत्रिक गाळणी : स्पंज किंवा कापूस वापरावा. तो दर आठवड्याला धुवावा, अन्यथा अडकलेली घाण तेथेच कुजते.

२) जैविक गाळणी : सच्छिद्र सिरॅमिक माध्यम वापरावे. ते नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, क्लोरिनमुळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके खंगाळावे.

३) प्रोटीन स्किमर : हे यंत्र बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय घाण कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. खाऱ्या पाण्यात ते उत्तम चालते. खर्च करावयाचा झाल्यास आधी यावर करावा.

४) सक्रिय कोळसा : पाण्याचा रंग व वास कमी होतो, अमोनिया मात्र जात नाही. कोळसा दरमहा बदलावा.

रेतीखाली बसविण्याची गाळणी स्वस्त असली, तरी रेतीत घाण साठून नायट्रेट वाढत जाते. म्हणून ती टाळावी.

पाणी तयार करणे

टाकी शक्यतो २०० लिटरची असावी. पाणी जास्त असले, की त्यातील बदल सावकाश होतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिन घालविण्यासाठी दर १ पीपीएम क्लोरिनमागे १०० लिटरला सुमारे ०.७ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट लागते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी आरओ यंत्रातून काढूनच वापरावे. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री क्षार १०० लिटरला ३.५ ते ४ किलो मिसळून विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ ठेवावे. खाण्याचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम पुरेसे नसते.

गाळणी मुरविणे

मासे सोडण्यापूर्वी गाळणी ४ ते ६ आठवडे चालवावी. जिवाणूंना खाद्य म्हणून १०० लिटरला ०.६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड द्यावे, त्यामुळे अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. ही मात्रा दिल्यावर २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की गाळणी तयार झाली असे समजावे. त्यानंतर निम्मे पाणी बदलून प्रथम दोनच लहान मासे सोडावेत.

नित्य निगा

तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, सामू ८.० ते ८.४ आणि नायट्रेट २० पीपीएमच्या आत ठेवावे. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलावे. परंतु नायट्रेट ४० पीपीएम असल्यास एवढ्या बदलाने ते ३६ वरच येते. म्हणून खाद्य कमी करणे हाच खरा उपाय. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरावे, कारण क्षार टाकीतच राहतात.

पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळ्यात पाण्यातील प्राणवायू घटतो. वीज गेल्यास बॅटरीवरील हवापंप लावावा. बंद डब्याची गाळणी काही तास थांबली असेल, तर धुऊनच सुरू करावी. आतील सडलेले पाणी टाकीत गेल्यास मासे मरतात. काढलेले खारे पाणी परसबागेत ओतू नये, जमीन खारवते.

कायद्याचे भान

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तेथेही प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ, समुद्री पंखे व समुद्री घोडे यांचा समावेश आहे. ते बाळगणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. म्हणून सजावटीस सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरावेत. मासे शक्यतो उबवणी केंद्रात तयार झालेले घ्यावेत. क्लाउन माशांचे बीज तयार करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने विकसित केले आहे.

थोडक्यात, आधी जिवाणू वाढवावेत, मग मासे सोडावेत. हा क्रम पाळल्यास पैसा व मासे दोन्ही वाचतील.