बाळराजे, गुड नाईट!

वन बीएचकेत बाळासाठी वेगळी नर्सरी वगैरे सगळा सिनेमातला मामला. आपल्याकडे बाळाची खोली म्हणजे आई-बाबांच्या बेडरूमचा एक कोपरा. आणि ते उत्तमच! पहिले सहा महिने तरी बाळानं आई-बाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणात झोपावं, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनंही २०२२ मध्ये सांगितलंय.

प्रॉब्लेम आहे तो उजेडाचा. परवा कोथरूडला एका मैत्रिणीकडे मुक्कामाला होते. लेक आठ महिन्यांचा, हिचं ऑफिस नुकतंच सुरू झालेलं. दिवे मालवले तरी मला पेपरचे मथळे वाचता येत होते! बाहेर सोसायटीचा एलईडी, आत एसीचे आकडे आणि राऊटरची लुकलुक. 'हा पहाटे पाचला टक्क जागा, आणि नऊला माझं लॉग-इन,' ती जांभई देत म्हणाली.

आपल्या डोळ्यांत उजेडाची नोंद घेणाऱ्या काही खास पेशी असतात. निळसर-पांढरा प्रकाश त्यांना चटकन जाणवतो. त्या मेंदूला 'दिवस आहे' असं कळवतात आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन दबतं. तान्ह्या बाळाचं हे घड्याळ लागायलाच दोन-तीन महिने जातात. म्हणून रात्री अंधार हवा, तसाच दिवसा भरपूर उजेडही.

मग करायचं काय? पडद्याचा रॉड चौकटीपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब घ्या. आहे त्याच पडद्याला शिंप्याकडून ब्लॅकआऊट अस्तर लावा. भाड्याचं घर असेल तर काचेला काळा चार्टपेपरही चालतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांवर इन्सुलेशन टेपचा तुकडा. रात्री दूध पाजताना ट्यूब नको, खाली ठेवलेला मंद तांबूस दिवा पुरे. फक्त पाळण्यावर ओढणी टाकून अंधार करू नका. हवा कोंडते, बाळ तापतं. पडद्याच्या दोऱ्याही त्याच्या हाताला लागू देऊ नका.

अर्थात भूक, दात, सर्दी यांवर अंधार हा इलाज नाही. पण उजेडानं मोडणारी झोप नक्की वाचते.

राहता राहिला आजींचा आक्षेप, 'अंधारात घाबरेल गं तो!' त्यांना प्रेमानं सांगा, अंधाराची भीती साधारण दोन वर्षांनंतर येते. तोवर झिरोच्या बल्बला सुट्टी!