कामगाराचें पुनःशिक्षण व त्याचा खर्च

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं, शाळा सुटण्याच्या वेळीं, आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास आला. दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, म्हणजे ज्यास आपण आयटीआय म्हणतों तेथें, टर्नरचें काम शिकला व त्यानंतर अठरा वर्षें एकाच कारखान्यांत लेथवर उभा राहिला. त्याचा हात इतका बसलेला आहे कीं, धातूचा तुकडा बोटांत धरून त्यानें त्याची जाडी सांगावी व मोजल्यावर ती बहुधा बरोबर निघावी. परंतु आतां त्या कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेनें चालणारीं सीएनसी यंत्रें आलीं आहेत. तीं चालविण्यास नवे तरुण घेतले गेले, आणि ह्यास मालाची ने-आण करण्याच्या कामावर घातलें. तो म्हणाला, “सर, तें यंत्र शिकायला तीन महिने लागतात. फीचे पैसे कसेबसे जमवीन. पण तीन महिने घरांत चूल कशी पेटेल?”

मी त्यास तत्काळ उत्तर देऊं शकलों नाहीं. त्या प्रश्नाचा विचार करतां करतां जें वाचनांत आलें, तें शाळेच्या वार्षिकांतून विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

पूर्वीं सुताराचा मुलगा बापाच्या हाताखालीं रंधा धरावयास शिके, आणि तेंच ज्ञान त्यास म्हातारपणापर्यंत पुरे. हत्यारें बदलत नसत असें नाहीं, पण एका माणसाच्या हयातींत तीं फारशीं बदलत नसत. आतां एका हयातींत यंत्रें दोन-तीन वेळां बदलतात. ज्यानें विसाव्या वर्षीं धंदा शिकला, त्यास पस्तिसाव्या व पन्नासाव्या वर्षीं पुन्हा शिकावें लागतें. शाळेचा खर्च कोणी करावा हा प्रश्न बहुतेक राष्ट्रांनीं सोडविला आहे. परंतु घरसंसार पाठीशीं असलेल्या प्रौढ कामगाराच्या शिक्षणाचा खर्च कोणी करावा, हा प्रश्न अद्यापि अर्धामुर्धाच सुटलेला आहे.

प्रथम, हा खर्च आपोआप कां होत नाहीं तें पाहूं. कामगारानें स्वतः करावा म्हटलें, तर त्यास दोन प्रकारचे पैसे लागतात: एक फीचे, व दुसरे बुडालेल्या मजुरीचे. बहुधा दुसरा आंकडा पहिल्याहून मोठा असतो. जमीन किंवा दागिना गहाण ठेवून कर्ज मिळतें. पण उद्यां अंगीं येणारें कौशल्य कोणी गहाण ठेवून घेत नाहीं. बरें, मालकानें करावा म्हटलें, तर त्याची अडचण निराळी. त्यानें पैसे खर्चून कामगारास शिकविलें, आणि शेजारच्या कारखानदारानें महिन्यास थोडे अधिक देऊन त्याला उचललें, तर शिकविणारा नुकसानींत व न शिकविणारा फायद्यांत! अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हा भेद नीट दाखविला आहे. जें कौशल्य एकाच कारखान्यांत उपयोगीं पडतें, त्याचा खर्च मालक करूं शकतो. परंतु जें कोठेंही उपयोगीं पडतें, त्याचा खर्च करण्यास तो सहसा पुढें येत नाहीं. अशा रीतीनें कामगार मालकाची वाट पाहतो, मालक शेजाऱ्याची वाट पाहतो, आणि शिक्षण तसेंच राहतें. तिघांच्याही हिताचें असूनही जें कोणी एकटा करीत नाहीं, तेथें सरकारास हात घालावा लागतो.

आतां वेगवेगळ्या देशांनीं काय केलें तें पाहूं.

इंग्लंडमध्यें १९६४ सालीं औद्योगिक प्रशिक्षणाचा कायदा झाला. त्यानें एकेका उद्योगासाठीं मंडळें स्थापिलीं. मंडळानें त्या उद्योगांतील सर्व मालकांकडून पट्टी गोळा करावी, व जो मालक आपल्या माणसांस शिकवील त्यास त्यांतून अनुदान द्यावें, अशी ती योजना होती. माणसें पळविणाऱ्या मालकासही पट्टी चुकेना, हा तिचा मुख्य गुण. पुढें लहान मालकांनीं तक्रार केली कीं, आम्ही भरतों आणि कागदपत्रें सांभाळणारे मोठे कारखानदारच परत घेऊन जातात. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक मंडळें मोडण्यांत आलीं. बांधकामाच्या धंद्याचें मंडळ मात्र टिकलें. पण प्रश्न मिटला नव्हता. एप्रिल २०१७ मध्यें तेथें पुन्हा एक पट्टी बसली, व ज्या मालकाचा वार्षिक पगारखर्च तीस लक्ष पौंडांहून अधिक, त्यानें वरच्या रकमेवर शेंकडा अर्धा भाग उमेदवारांच्या शिक्षणासाठीं द्यावा असें ठरलें. टाकून दिलेलीच वाट पन्नास वर्षांनीं पुन्हा धरावी लागली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

फ्रान्सनें १९७१ च्या जुलै महिन्यांत कायदा करून दहा किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या मालकांवर, एकूण पगाराच्या शेंकडा ०·८ इतकी रक्कम कामगारांच्या शिक्षणावर खर्च करण्याचें बंधन घातलें. पण अनुभव असा आला कीं, जो आधींच शिकलेला त्यालाच मालक पुन्हा शिकावयास पाठवी. झाडूवाला व हमाल मागेंच राही. म्हणून २०१५ पासून प्रत्येक कामगाराच्या नांवें शिक्षणाचें स्वतंत्र खातें उघडण्यांत आलें. नोकरी बदलली तरी तें खातें त्याच्याबरोबर जातें. २०१९ सालीं त्यांत तासांऐवजीं पैसे जमा होऊं लागले: सामान्य कामगारास वर्षास ५०० युरो, एकूण ५००० पर्यंत, आणि कमी शिकलेल्यास वर्षास ८०० युरो, एकूण ८००० पर्यंत. ज्याच्यापाशीं कमी त्यास अधिक, हें तत्त्व येथें प्रत्यक्ष आंकड्यांत उतरलें. परंतु खात्यांत पैसे दिसतांच लबाडही जमले. खोट्या शिकवण्या विकणाऱ्यांचे फोन इतके वाढले कीं, डिसेंबर २०२२ मध्यें असे फोन करण्यास बंदी घालणारा कायदा करावा लागला.

सिंगापुरानें १९७९ सालींच मालकांवर कौशल्यवृद्धीची पट्टी बसविली होती. त्यापुढें जाऊन २०१६ पासून पंचवीस वर्षांवरील प्रत्येक नागरिकास शिक्षणासाठीं ५०० डॉलर देण्यांत आले, आणि २०२४ सालीं चाळीस व त्यापुढील वयाच्या नागरिकांस आणखी ४००० डॉलर मिळाले. चाळिशीनंतर शिकणें कठीण, म्हणून तेथें मदत अधिक, हा विचार शहाणपणाचा आहे. तेथेंही २०१७ सालीं एका टोळीनें खोटे दाखले करून सुमारें चार कोटी डॉलर उपटल्याचें उघडकीस आलें. तात्पर्य, पैसा देणें जितकें अवश्य, तितकीच त्यावरील देखरेखही अवश्य.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें सर्वांत जवळचें उत्तर मला जर्मनीत सांपडलें. १ जानेवारी २०१९ पासून तेथें अमलांत आलेल्या कायद्यानें असें ठरविलें कीं, दहांहून कमी माणसें असलेल्या मालकानें आपला कामगार शिकावयास पाठविल्यास शिकवणीचा सर्व खर्च व शिवाय त्या काळांतील पगाराचा पाऊण हिस्सा येथपर्यंत मदत सरकारी रोजगार खात्याकडून मिळावी. मोठ्या कारखान्यांस हें प्रमाण कमी. बेकारीच्या विम्यासाठीं मालक व कामगार जी वर्गणी भरतात, तींतूनच हें खातें मुख्यतः चालतें. म्हणजे बेकार झाल्यावर माणसास पोसण्यापेक्षां तो बेकार होण्यापूर्वींच त्यास शिकवावा, असा हा हिशेब आहे. चूल कशी पेटेल, ह्या प्रश्नाची दखल तेथें कायद्यानें घेतली.

आपल्या देशांत कांहींच झालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० सालीं सुरू झाली व तीतून आयटीआय वाढल्या. उमेदवारांचा कायदा १९६१ सालीं झाला. श्रमजीवी स्त्री-पुरुषांसाठीं पहिलें श्रमिक विद्यापीठ १९६७ सालीं आपल्या मुंबईतच निघालें. तोच प्रयोग पुढें देशभर पसरला व अशा संस्था आतां जनशिक्षण संस्थान ह्या नांवानें चालतात. १९९६ च्या कायद्यानें इमारतींच्या बांधकामावर कामगारकल्याणासाठीं उपकर बसला. २०१५ सालीं निघालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत, ज्यानें धंदा कामावरच शिकला त्याचें पूर्वज्ञान तपासून त्यास प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. गवंडी, रंगारी, सुतार ह्यांस ती विशेष उपयोगाची आहे.

तथापि आपल्या व्यवस्थेंत एक मोठी उणीव राहिली आहे. तिचा बहुतेक भाग तरुणास पहिली नोकरी मिळावी म्हणून आहे. पहिली नोकरी डळमळूं लागली म्हणजे काय करावें, ह्याचा विचार तीत थोडा. मुंबईकरांस हें दुःख परिचित आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगार सामील होते. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. १९८६ सालीं केंद्र सरकारनें बंद गिरण्यांच्या कामगारांसाठीं मदतीची योजना काढली. तीत पात्र कामगारास पहिल्या वर्षीं वेतनाच्या शेंकडा ७५, दुसऱ्या वर्षीं ५० व तिसऱ्या वर्षीं २५ ह्या प्रमाणानें रक्कम ठरली. ही पोटाची सोय झाली, पण साच्यावर आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातीं दुसरा धंदा कोण देणार? १९९२ सालीं राष्ट्रीय नूतनीकरण निधि स्थापन झाला. कामगारांस पुन्हा शिकविणें हा त्याच्या उद्दिष्टांपैकीं एक होता. प्रत्यक्षांत त्याचा बहुतांश पैसा सरकारी कारखान्यांतील स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा देण्यांत गेला, शिक्षणाच्या वांट्यास फारच थोडा आला, व पुढें तो निधि बंद करण्यांत आला. एकरकमी पैसा हातांत येतो व घरखर्चांत, लग्नांत, आजारपणांत संपतो. कौशल्य असें संपत नाहीं. हा धडा आपण मोठी किंमत देऊन शिकलों आहों.

ह्या सर्व अनुभवांतून मला चार गोष्टी दिसतात. पहिली, मालकांची पट्टी सर्वांवर असावी, नाहींतर शिकविणाराच दंड भरतो. दुसरी, पैसा कामगाराच्या नांवें असावा, म्हणजे नोकरीबरोबर तो सुटणार नाहीं. तिसरी, फीबरोबर बुडणाऱ्या मजुरीचाही विचार व्हावा. नाहींतर फुकट शिकवणीचा वर्गही रिकामाच राहतो. चौथी, शिकविणाऱ्या संस्थांची तपासणी कडक असावी. नाहींतर प्रमाणपत्रें वाढतात, कौशल्य वाढत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. मी त्याच्याबरोबर जाऊन त्याच्या मालकांस भेटलों. पगारी रजा देण्यास ते तयार नव्हते. पण त्याची रात्रपाळी कायम करून देण्याचें त्यांनीं मान्य केलें. तीन महिने तो रात्रीं कामावर गेला व दिवसा वर्गांत बसला. फी त्यानें मुलीच्या शिक्षणासाठीं सांठविलेल्या पैशांतून भरली. आतां तो नव्या यंत्रावर आहे, ह्याचा मला आनंद आहे. परंतु त्याला जें साधलें तें मालकाच्या मर्जीनें, मुलीच्या पैशानें, व स्वतःच्या झोपेच्या खर्चानें. राष्ट्राचें धोरण ह्याहून अधिक विश्वासाचें असावयास पाहिजे.

पालकहो, आपल्यापैकीं कित्येक जण कारखान्यांत, दुकानांत, कचेऱ्यांत काम करीत आहां. ह्या वयांत काय शिकावयाचें, असें कृपा करून म्हणूं नका. व मतें मागावयास येणाऱ्यांस ह्या खर्चाविषयीं अवश्य विचारा. आणि विद्यार्थिमित्रांनो, शेवटच्या परीक्षेनंतर पुस्तकें रद्दींत घालण्याची तुम्हांला घाई असते, तें मी दरसाल पाहतों. आम्हां शिक्षकांनींही आजवर शालान्त परीक्षा म्हणजे शिक्षणाचा शेवट असेंच तुम्हांला भासविलें. ती आमची चूक होय. पुन्हा शिकण्याची वेळ तुमच्यावरही येईल. त्या वेळीं तुमचा खर्च उचलणारी एखादी व्यवस्था देशांत असावी, आणि ती तुमच्यापैकींच कोणी उभारलेली असावी, इतकीच माझी इच्छा आहे.