छप्पन्न मोडलेली हाडं आणि एक ऑस्कर

घोड्यावरून पडायचं, छपरावरून उडी मारायची आणि टाळ्या मात्र नायकाला. हॅल नीडहॅमने हा धंदा वर्षानुवर्षं केला. १९३१ साली मेम्फिसमध्ये जन्मलेला हा माणूस बटईने शेती करणाऱ्या घरात वाढला. सैन्यात पॅराशूटने उड्या मारल्या, पुढे झाडांच्या फांद्या छाटल्या. उंचीची भीती तिथेच मेली असावी. टेलिव्हिजनवरच्या ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’मध्ये तो नायक रिचर्ड बूनचा डुप्लिकेट झाला, नंतर अभिनेता बर्ट रेनॉल्ड्सचा. रेनॉल्ड्सशी दोस्ती इतकी, की नीडहॅम कित्येक वर्षं त्याच्याच आवारातल्या पाहुण्यांच्या घरात मुक्कामाला होता.

स्वतःच्या हिशेबाने त्याची छप्पन्न हाडं मोडली, पाठ दोनदा. पण त्याला नुसता धाडसी म्हणणं मला अपुरं वाटतं. त्याचं डोकं कारागिराचं होतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडण्याऐवजी हवेच्या गादीवर पडण्याची पद्धत रुळवणाऱ्यांत तो पुढे होता. गाडी उलटवण्यासाठी तिच्या बुडाशी तोफेसारखी नळी बसवायची, त्यात लाकडी ओंडका ठासायचा आणि बंदुकीच्या दारूच्या धक्क्याने तो जमिनीवर आदळवायचा, ही युक्ती त्याने आजमावली. चाचणीत दारू जास्त झाली, गाडी भलतीच उंच उडाली आणि नीडहॅम इस्पितळात गेला. जॉन वेनच्या ‘मॅक्यू’मध्ये (१९७४) मात्र तीच युक्ती झकास वठली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दोन सहकाऱ्यांबरोबर ‘स्टंट्स अनलिमिटेड’ ही स्टंटवाल्यांची संघटना काढली होती.

‘स्मोकी अँड द बँडिट’ची (१९७७) पटकथा त्याने हाताने लिहिली. गोष्ट काय, तर टेक्सासहून चारशे पेट्या बिअर २८ तासांत जॉर्जियाला पोचवायची, मागे पोलीस. त्या वर्षी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’खालोखाल कमाई दिग्दर्शक म्हणून त्याच्या या पहिल्याच चित्रपटाने केली. पुढच्या वर्षीच्या ‘हूपर’चा नायक म्हातारा होत चाललेला स्टंटवाला. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मनापासूनचा चित्रपट. ‘कॅननबॉल रन’मध्ये (१९८१) जॅकी चॅन होता. शेवटच्या श्रेयनामावलीत फसलेले शॉट दाखवण्याची नीडहॅमची लकब त्याने उचलली आणि हाँगकाँगच्या चित्रपटांत तिचं सोनं केलं.

समीक्षकांनी नीडहॅमला झोडपलं. त्याने उलट त्यांचेच शेरे जाहिरातीत छापले, शेजारी नोटांनी भरलेल्या हातगाडीसह स्वतःचा फोटो! पण ‘मेगाफोर्स’ (१९८२) आणि ‘स्ट्रोकर एस’ (१९८३) साफ आपटले. तिथे समीक्षकांचंच बरोबर होतं.

धावत्या गाडीचं चित्रण करणाऱ्या कॅमेरा-वाहनासाठी त्याला अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली मानद ऑस्कर. पुढच्याच वर्षी तो वारला. स्टंटसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय अकादमीने २०२५ मध्ये जाहीर केला. २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून तो दिला जाणार आहे.