अंगावरून जातंय, अंगावर काढू नका

मागच्या आठवड्यात दोन बायका भेटल्या. त्यांच्यामुळेच आज हा विषय घेतला.

पहिलीचा फोन आला होता. वय चौतीस. पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर पिशवीला तीन सेंटिमीटरची गाठ निघाली. "ताई, एक जण म्हणाले, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. काय करू?" मी विचारलं, पाळी कशी आहे? "पाळी ठीक आहे. पोटातलं दुखणंही थांबलंय." म्हणजे त्रास काहीच नाही, आणि बाईची झोप मात्र उडालेली.

दुसरी बाजारात भेटली. ओठ पांढरे, चार पायऱ्या चढून धाप लागलेली. पाळी दहा-बारा दिवस चालते, घड्या पुरत नाहीत, गोळे पडतात. दीड वर्ष झालं. दवाखान्यात गेलात का, विचारलं तर म्हणाली, "बाईच्या जातीला चालायचंच हे. आता पाळी जायचं वय झालं."

जिला थांबायला हरकत नव्हती ती घाबरलेली, आणि जिनं धावत जायला हवं होतं ती निवांत. गर्भाशयाच्या गाठींचं नेमकं असंच होतं.

ही गाठ म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच वाढ. डॉक्टर तिला फायब्रॉइड म्हणतात. वाटाण्याएवढी असते, नारळाएवढीही होते. पाळी चालू असेपर्यंत शरीरातल्या संप्रेरकांवर ती पोसते आणि पाळी गेल्यावर बहुधा आक्रसते. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना अशा गाठी होतात, आणि बऱ्याच जणींना त्याचा पत्ताही लागत नाही. अशी गाठ कॅन्सरची निघणं फार क्वचित. गाठ किती मोठी, यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. आतल्या अस्तराजवळ असली तर लहानशी गाठही खूप रक्त घालवते.

मग दवाखान्यात कधी जायचं? पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल. दहा रुपयांच्या नाण्याहून मोठे गोळे पडत असतील. दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जात असेल. ओटीपोट जड वाटतं, पोट वाढतंय, सारखी लघवीला लागते, पोट साफ होत नाही, दिवस राहत नाहीत किंवा राहून पडतात. यातलं काहीही असलं तरी त्या महिन्यातच दाखवा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्ताचा डाग जरी दिसला, तरी तो "परत आली पाळी" म्हणून सोडायचा नाही. तिथे कॅन्सर नाही ना, हे आधी बघावं लागतं.

आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी कधी निघायचं? तासाला एक पॅड किंवा घडी भिजतेय आणि असं दोन-तीन तास चाललंय. उभं राहिलं की अंधारी येते, छाती धडधडते. अचानक असह्य कळ आली, सोबत ताप आहे. लघवी तुंबली. पोटात गाठ आहे, दिवस गेलेत आणि दुखतंय किंवा रक्त जातंय. अशा वेळी १०८ ला फोन करा. सकाळची एसटी बघत बसू नका.

"खूप जातं" एवढं सांगून डॉक्टरांना अंदाज येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या रोजच्या तारखेवर किती घड्या बदलल्या तो आकडा लिहा आणि तो कागद सोबत न्या. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपलं बाराच्या वर हवं. आठच्या खाली म्हणजे शरीर उसन्या ताकदीवर चाललंय. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको.

आता पिशवी काढण्याबद्दल. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी हे नीट ऐका. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, म्हणजे साधारण दर सहांत एकीची. त्यात पस्तिशीच्या आतल्याही होत्या. खाडा पडला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, वर कॅन्सरची भीती. मला विचाराल तर अशा वेळी बाईनं "एकदाची काढून टाका" म्हणणं हा तिचा निर्णय नव्हताच. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्याचे नियम सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितले.

पिशवी काढणं वाईट, असं मी म्हणत नाही. काही जणींना त्यानंच जीवदान मिळतं. पण त्याआधी रक्त कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांची औषधं आहेत, औषध सोडणारी तांबी आहे, नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते. पस्तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही काढली, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास त्याच वर्षी सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणून सही करण्याआधी विचारा: गाठ कुठे आहे? औषधानं भागेल का? अंडाशयं ठेवणार ना? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला रिपोर्ट मिळतील का? ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घेता येतं. शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, तेही तिथेच विचारा.

एकटीला जायला संकोच वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या. आपल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. जे डॉक्टरला सांगता येत नव्हतं ते बायका या सेविकांना सांगू लागल्या.

फोनवाल्या ताईंना दुसऱ्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितलंय, औषध काही नाही. बाजारातल्या बाईंना मी दुसऱ्याच दिवशी घेऊन गेले. हिमोग्लोबिन सहा निघालं. दोन बाटल्या रक्त चढवलं, अस्तराचा तुकडा तपासायला दिलाय. रिपोर्ट मंगळवारी येईल. पिशवीचं काय करायचं, ते त्यानंतर ठरेल.